वाचकांचे प्रश्न : स्कीअन डूची चामडी मूठ

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुणीदार घागरा, घालताना मोज्यात खोचतात त्या छोट्या सुरीला, म्हणजे स्कीअन डूला, चामड्याच्या चकत्या रचून मूठ केली. पावसाळ्यात केली होती. डिसेंबरात चकत्यांमध्ये फटी पडल्या आणि मूठ फिरू लागली. काय चुकलं? (पुणे)

उत्तर : फटी पडल्या, कारण चामडं दमट होतं आणि दाब कमी पडला. मूठ फिरते, कारण पात्याच्या दांडीसाठी पाडलेलं भोक सैल आहे. गोल भोक तर मुळीच नको. शेजारी-शेजारी दोन बारीक छिद्रं पाडून मधला भाग पात्याने कापा. खाच दांडीपेक्षा किंचित लहान ठेवा, चकती ठोकूनच बसली पाहिजे.

चामडं झाडाच्या सालीत कमावलेलंच हवं. कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं यासाठी उत्तम; फक्त तेल न पाजलेलं मागा, तेलकट चामड्याला एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) धरत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं कानशीने घासलं की त्याचे तंतू सुटतात.

मूठ 9 सेंमी आणि दोन्ही टोकांना 3 मिमीची पितळी पट्टी धरली, तर चामड्यासाठी 84 मिमी उरतात. साडेतीन मिमी जाडीच्या चकत्या दाबाखाली साधारण दहा टक्के बसतात, म्हणून 27 लागतील, 30 कापा. आठवडाभर कोरड्या जागी ठेवा. दांडीला आधी एपॉक्सीचा पूर्ण लेप द्या, नाहीतर चामड्यातलं टॅनिन (सालीतून उतरलेलं तुरट द्रव्य) लोखंडाला खातं. चकत्यांमध्ये चोवीस तासांत सुकणारं एपॉक्सी अगदी पातळ लावा आणि क्लॅम्पमध्ये दोन दिवस आवळून ठेवा. पहिल्या तासात दोन-तीनदा पुन्हा आवळावं लागतं, चामडं दबत जातं. नंतर दांडीच्या टोकाचा नट घट्ट करा.

पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय घासायला घेऊ नका. कानस, मग 80, 120, 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर. बेल्ट ग्राइंडरवर चामडं करपतं, आणि तो डाग खोल जातो.

प्रश्न : ‘डू’ म्हणजे स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत काळा. मूठ काळी कशी करावी? (ठाणे)

उत्तर : जुन्या मुठी बहुधा काळ्या लाकडाच्या, वेणीची नक्षी कोरलेल्या असत, आबनूस किंवा दलदलीत गाडलं जाऊन काळं पडलेलं ओक. चामड्याला बाजारचा रंग देऊ नका, हाताला लागतो. 200 मिली पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 10 ग्रॅम लोखंडाचा कीस आठ-दहा दिवस ठेवा. झाकण सैल असू द्या आणि बरणी आगीपासून लांब ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. भांड्यांच्या स्टेनलेस घासणीने हे जमत नाही. गाळून, घासून झालेल्या मुठीवर ब्रशने हलकेच लावा, पितळ झाकून. मिनिटा-दोन मिनिटांत काळं होतं. लोखंडाला खाणारं तेच टॅनिन इथे रंग देतं, म्हणून हा काळेपणा चामड्याच्या आतला असतो. मग पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पुसा आणि दोन दिवस वाळवा. कुठे तपकिरी-पिवळी रेघ उरली तर तिथे एपॉक्सी जाड बसलंय. त्यावर रंग चढत नाही.

प्रश्न : मुठीला तेल पाजावं का? (नाशिक)

उत्तर : नको. तेलाने चकत्या मऊ पडतात. मधमाश्यांचं मेण कोमट करून चोळा, फडक्याने घासा; वर्षातून एकदा पुरे.