एआय आणि डिप्लोमसी शिकायचीय? आधी सह्या बघ

अरे, एआय राजदूतांची जागा घेणार का या चर्चेत आत्ताच अडकू नकोस, आधी कुठल्या कागदावर कोणाची सही आहे ते बघायला शीक. २०२३ ला ब्रिटनमधल्या एआय सुरक्षा परिषदेत निघालेल्या ब्लेचली पार्कच्या जाहीरनाम्यावर अमेरिका, चीन, भारत सगळे होते आणि फेब्रुवारी २०२५ ला पॅरिसच्या एआय परिषदेत, जिथे भारत सहअध्यक्ष होता, तिथल्या जाहीरनाम्यावर चीनने सही केली पण अमेरिका-ब्रिटनने नाही, हे का झालं ते नीट खणून काढ, खरं राजकारण तिथेच आहे. एआय गव्हर्नन्ससाठी, म्हणजे एआयवर नियम आणि देखरेख कशी ठेवायची हे कळायला, नेदरलँड्सचं बालसंगोपन भत्त्याचं प्रकरण वाचच. अर्जदार डच नागरिक आहे की नाही हेही अर्ज तपासणाऱ्या कर खात्याच्या कॉम्प्युटर सिस्टीमने रिस्कमध्ये धरलं, हजारो पालकांवर फ्रॉडचा ठपका आला, संसार कर्जात बुडाले, जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. तिथे दाद मागायला गेलेल्यांचं काय झालं तेवढं आधी वाच.