मॅकओएस सेक्वोयानंतर ‘कीचेन ॲक्सेस’ कुठे गेलं?

मॅकवर साठवलेले पासवर्ड आणि सर्टिफिकेट दाखवणारं हे ॲप गेलं नाही, हलवलंय. 2024 मध्ये आलेल्या सेक्वोयापासून ॲपल लोकांना नव्या ‘पासवर्ड्स’ ॲपकडे वळवतंय. म्हणून ‘युटिलिटीज’ फोल्डरमध्ये कीचेन दिसत नाही.

फाइंडरमध्ये शिफ्ट-कमांड-जी दाबा आणि उघडलेल्या चौकटीत सिस्टिम, लायब्ररी, कोअरसर्व्हिसेस, ॲप्लिकेशन्स असा मार्ग टाका (अर्थात इंग्रजीत, प्रत्येक नावाआधी तिरपी रेघ, ‘कोअरसर्व्हिसेस’मध्ये जागा न सोडता). तिथे ते सापडेल. मूळ फाइल हलवायच्या भानगडीत पडू नका, सिस्टिमचा तो भाग सुरक्षित असतो. नुसतं ओढून डॉकवर ठेवा, म्हणजे शॉर्टकट तयार.

आता खरा प्रश्न: तुम्हाला ते लागतंय का? वेबसाइटचे आणि वायफायचे पासवर्ड, पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने वगैरे लॉगिन करायची सोय) एवढंच बघायचं असेल तर ‘पासवर्ड्स’ ॲप पुरेसं आहे, आणि वापरायला बरंच सुटसुटीतही. पण सर्टिफिकेट (वेबसाइट, सर्व्हर वगैरेंची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) तपासायचं असेल, त्यावरचा ‘ट्रस्ट’ (मॅकने त्यावर विश्वास ठेवायचा का, ते) बदलायचा असेल, खाजगी की (सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त किल्ली) किंवा जुन्या सिक्युअर नोट्स पाहायच्या असतील, तर कीचेनला पर्याय नाही. टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून काम करणाऱ्यांची ‘सिक्युरिटी’ ही कमांड मात्र जागची हललेली नाही.

त्याच फोल्डरात ‘डिरेक्टरी युटिलिटी’ (ऑफिसच्या नेटवर्कवरच्या खात्यांशी मॅक जोडणारं) आणि ‘वायरलेस डायग्नोस्टिक्स’ (वायफायच्या अडचणी शोधणारं) ही ॲप्सही आहेत. सहज नजर टाकून ठेवा.

बाकी, खूप जुन्या आवृत्तीवरून थेट आला असाल तर ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ शोधू नका. 2022 च्या मॅकओएस व्हेंच्युरापासून त्याचं नाव ‘सिस्टिम सेटिंग्ज’ आहे, आणि आतली मांडणीही पार बदलली आहे.