वेल्डिंग येत नसेल तर कालव्यावरची जुनी बोट दुरुस्त करायला जाऊन काही उपयोग आहे का?

नक्की जा. तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये तुमच्या घराजवळ स्वयंसेवक कालव्यावरची एक जुनी कामाची, म्हणजे कालव्याच्या देखभालीची, बोट दुरुस्त करतायत, ती पाण्यात उतरायला थोडेच आठवडे उरलेत आणि तुम्हाला हत्यारांची सवय नाही. पण याच आठवड्यांत माणसं सगळ्यात जास्त लागतात, आणि तीही खरवडायला.

मी बर्मिंगहॅमजवळच्या अशाच एका गटात जातो. आमची बोट गाळ, दगड आणि लॉकच्या, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणाऱ्या कप्प्याच्या, दरवाजांचं लाकूड वाहायची. अंग रिव्हेट मारलेलं, लोखंडी. त्यावर जुन्या डांबराचे थर असतात. ते खरवडून, तारेच्या ब्रशने घासून उघडं लोखंड दिसेपर्यंत जायचं. काम कंटाळवाणं दिसतं, पण बोटीचं खरं दुखणं इथेच कळतं. गंज सगळीकडे सारखा लागत नाही. पाण्याच्या रेषेपाशी पाणी आणि हवा दोन्ही लागतात, तिथे तो जास्त चढतो. खरवडताना वाटाण्याएवढा खड्डा लागला की खडूने गोल करून ठेवायचा. मग सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा जाणकार, अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजतो. बऱ्याच विमा कंपन्यांना किमान 4 मिलिमीटर जाडी हवी असते. त्याहून कमी भरली तर वरून नवा पत्रा चढवावा लागतो. म्हणजे वेल्डरने कुठे हात घालायचा, हे आधी खरवडणाऱ्याला दिसतं.

त्यानंतर बिट्युमेनचे, म्हणजे डांबरासारख्या काळ्या लेपाचे, हात. बाजूला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले दिसतील; बोटीच्या लोखंडाऐवजी ते झिजावेत म्हणून ते असतात. त्यांच्यावर चुकूनही काळं लावू नका, नाहीतर त्यांचा काही उपयोग राहत नाही.

बोट लाकडी असेल तर गोष्ट वेगळी. बाजू ओकच्या, तळ एल्मचा, आणि काठावर राहून फळ्या सुकतात, त्यांच्यात फटी पडतात. फटींत डांबरात भिजवलेला ताग ठोकला तरी पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगेपर्यंत बोट थोडं पाणी घेतेच. पंप तयार हवा.

रंगरंगोटी आणि नावाची अक्षरं मागे पडली तरी चालेल, ती पाण्यातही करता येतात. पाण्याखाली जाणारा भाग मात्र एकदा बोट उतरली की हाताला येत नाही. समारंभाची तारीख जाहीर झालीय म्हणून तिथे घाई करणं मला अजिबात पटत नाही.

मालवाहू बोटींचं कौतुक पुष्कळ होतं, पण कालवा चालू ठेवला तो या कामाच्या बोटींनी. हिवाळ्यात बर्फ फोडणारी बोट घोडे ओढायचे आणि आतली माणसं मधला दांडा धरून तिला डावी-उजवीकडे हिंदकळवायची, की बर्फ तडकावा. 1962-63च्या थंडीत कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक त्यानंतर जवळपास संपली. अशी एक बोट पुन्हा तरंगणार असेल तर तिथे आपला हात लागावा, असं मला मनापासून वाटतं.

जाताना जुने कपडे, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि चांगला मास्क न्या, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. उतरवायच्या दिवशी टॉर्च घेऊन आत बसायला कोणीतरी लागतं. बोट क्रेनच्या पट्ट्यांत असतानाच रिव्हेट आणि पंख्याच्या दांड्याची नळी गळते का ते बघायचं, आणि गळत असेल तर लगेच वर उचलायला सांगायचं. ते काम मागून घ्या.