नाकात बोलणाऱ्या मुलाचं ऑपरेशन: भीती नक्की कशाची?

मी वाचा-उपचारतज्ज्ञ. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांचे पालक हमखास विचारतात, "मॅडम, घशाचं ऑपरेशन करून याचा आवाजच गेला तर?" एक कुटुंब याच भीतीपायी ऑपरेशन लांबवत होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा ६ वर्षांचा. टाळू लहानपणीच शिवलेली, पण बोलणं नाकात. 'बाबा'चं 'मामा' व्हायचं आणि 'काका'तला 'क' गळ्यातच अडून 'आआ' उरायचं. सर्जननी घशाच्या मागच्या भिंतीचा पट्टा उचलून मऊ टाळूला जोडायचं सुचवलं होतं. दवाखान्यात त्याला फ्लॅप म्हणतात. आजीचं मत, "मोठा झाला की सुधारेल, पोराला कापू नका." पण बोलताना मऊ टाळूनं मागे टेकून नाकाची वाट बंद करायची असते. टाळूच आखूड असेल, तर नुसत्या वयानं ती पुरी पडत नाही.

मी कागदावर चित्र काढलं. आवाज तयार होतो तो खाली, कंठमण्याच्या मागे. हे ऑपरेशन त्याच्या बरंच वर, पडजिभेच्या मागे, तोंडातून होतं. स्वरयंत्राला हातही लागत नाही.

"म्हणजे मानेवर टाके नाहीत?" वडील जरा सैलावले. मग मी विचारलं, "रात्री घोरतो का?"

आई हसली. "बापासारखाच!"

खरी चौकशी इथून सुरू होते. पट्टा घसा आणि नाक यांच्यातली वाट अरुंद करतो, दोन्ही बाजूंना श्वासापुरती जागा ठेवून. ती कमी पडली तर घोरणं वाढतं, झोपेत श्वास अडतो, सर्दी झाल्यासारखं बोलणं येतं. फार त्रास झाला तर पट्टा सोडवावाही लागतो. जागा जास्त राहिली, तर बोलणं नाकातच. रक्तस्राव आणि सुजेचा धोका सुरुवातीला जास्त, म्हणून दवाखान्यात नजरेखाली ठेवतात. काही मुलांत, विशेषतः २२व्या गुणसूत्राचा तुकडा कमी असलेल्यांत, मेंदूकडे जाणारी मोठी धमनी घशाच्या मागच्या भिंतीलगत आलेली असू शकते. हे सर्जनला आधी माहीत हवं.

या मुलाचे टॉन्सिल बरेच मोठे निघाले. ते आधी काढले, घसा भरून आल्यावर पुढचं ऑपरेशन. वडिलांना वाटलं, त्याच भुलीत अ‍ॅडिनॉइडही (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली गाठ) उरकून टाकावं. पण टाळूच्या मुलांत ती गाठ परस्पर काढून घेऊ नका. कित्येकदा टाळू तिच्याच आधारानं टेकत असते. ती गेली की बोलणं आणखी नाकात जातं.

फ्लॅपनंतर काही आठवडे तो घोरला, मग कमी झालं. झोपेत श्वास थांबताना दिसला, तर झोपेची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. 'बाबा' आता स्वच्छ येतं. 'क' मात्र अजून गळ्यातच अडतो, कारण ती उच्चाराची जुनी सवय आहे आणि ऑपरेशननं सवय जात नाही. त्यासाठी दर आठवड्याला आमचा सराव चालू आहे.