‘का?’ नको, ‘कधीपासून?’ विचारा

तुमच्या पत्रात पाच प्रश्न आहेत. चारांची उत्तरं शेवटी थोडक्यात देते, कारण पहिला मार्गी लागल्याशिवाय बाकीच्यांना हात घालण्यात अर्थ नाही.

तुम्ही लिहिता: ‘मुलगी २१ वर्षांची, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. फोनवर सहज सांगावं तसं म्हणाली, आई, येत्या ईस्टरला मी बाप्तिस्मा घेतेय. मी फक्त “का गं?” एवढंच विचारलं, तर तासभर भांडण झालं.’

अहो, सगळं भांडण त्या ‘फक्त’मध्येच आहे! हे सदर नेहमी वाचणाऱ्यांना माझं पालुपद पाठ असेल, तरी पुन्हा सांगते. ‘का’ विचारलं की समोरचा माणूस आरोपी होतो. मग तो बचाव मांडतो, आणि बचावासाठी त्याच्या मनातलं नाही तर त्याच्या पंथाच्या पुस्तकातलं बोलतो. आपण तरी काय करतो? आयुष्यात कधी उघडली नाही ती गीता त्या दिवशी शोधायला लागतो. माझ्या धाकट्या दिराने आपण नास्तिक झाल्याचं सांगितलं तेव्हा सासऱ्यांनी ‘का’च विचारलं होतं. तो वाद अजून चालू आहे. मूळ मुद्दा आता दोघांनाही आठवत नाही.

‘कधीपासून?’ विचारलं की हकिकत बाहेर येते, आणि आपल्याला हवी असते ती हकिकतच. धर्म एका दिवसात बदलत नाही, बदलल्याचं एका दिवशी कळतं. डॉ. आंबेडकरांनी येवल्याला घोषणा केली १९३५ साली, दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला. मध्ये २१ वर्षं गेली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वरवर पाहिलं तर केवढी घाई! पण कलकत्त्यात धर्मशास्त्रं वाचतानाच स्त्रियांबद्दलची वचनं त्यांना खुपू लागली होती. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षांनी. मधली काही वर्षं नवराबायको वेगळी राहिली. एकाच घरातल्या दोघांची घड्याळंसुद्धा इतकी वेगळी चालतात.

धर्मांतराचे अभ्यासक लुईस रॅम्बो यांनी १९९३ मध्ये या प्रवासाचे सात टप्पे मांडले: भोवतालची परिस्थिती, पेच, शोध, भेट, सहवास, बांधिलकी आणि परिणाम. क्रम मागेपुढे होतो, हेही तेच सांगतात. घरच्यांना बातमी कळते ती बहुधा सहाव्या टप्प्यावर, आणि घरचे वागतात जणू पहिलाच चालू आहे. ती निर्णय सांगत होती, तुम्ही चर्चा सुरू केलीत.

आता करायचं काय ते ऐका. दुसरं बोलणं ठरवून करा, शक्यतो समोरासमोर. सणाचा दिवस नको, परीक्षेचा आठवडा नको, ‘आपण सगळे बसून बोलू’ हे तर मुळीच नको. बोलायला एकच पालक हवा. गाडीत किंवा चालताना बोललं तर उत्तम, कारण सतत डोळ्यांत पाहावं लागत नाही. अर्धा-पाऊण तास पुरे. तीनच गोष्टी विचारा: हे कधीपासून मनात आहे? तेव्हा सोबत कोण होतं? आणि आता तुझ्या रोजच्या दिवसात काय बदललंय? उत्तर थांबलं तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, मध्ये बोलू नका. पहिल्या भेटीत आपलं मत द्यायचंच नाही. जमणार नसेल तर भेट पुढे ढकला, पण हा नियम मोडू नका.

उत्तरात बहुतेकदा एखादा पेच सापडेल: आजीचा मृत्यू, तुटलेलं नातं, आजारपण, वसतिगृहातला पहिला एकटा हिवाळा. सापडला की लगेच ‘म्हणजे तू एकटी होतीस म्हणून!’ असं म्हणू नका. तिचा सगळा शोध तुम्ही एका दुखण्यावर नेऊन ठेवलात असं तिला वाटेल, आणि ते बरोबरच असेल. पेचाने दार उघडतं, आत जायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो.

‘सोबत कोण होतं’ या प्रश्नातून दुसरी माहिती मिळते: पंथ कोणता आणि वेग किती. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ व्यक्तीची तयारी सहसा काही महिने ते वर्षभर चालते आणि बाप्तिस्मा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हेच काही आठवड्यांत होऊ शकतं. यहुदी धर्मात वर्षभर किंवा जास्त अभ्यास आणि शेवटी धर्मपंडितांसमोर परीक्षा असते. इस्लाममध्ये मनापासून उच्चारलेला शहादा, म्हणजे श्रद्धेची साक्ष देणारं वाक्य, पुरतो. म्हणजे वेग बघून मुलीच्या उतावळेपणाचं माप काढू नका, तो त्या त्या पंथाचा रिवाज असतो. तुमच्या मुलीने ईस्टर म्हटलंय, तेव्हा तिचे वर्ग बहुधा कधीचेच सुरू झालेले असणार.

काळजी करावी अशी लक्षणं वेगळी आहेत. एकाच पुढाऱ्याचा शब्द अंतिम, जुन्या मित्रांशी आणि घराशी संबंध तोडायचा आग्रह, कबुलीत सांगितलेलं पुढे दाबासाठी वापरणं, सोडून गेलेल्यांशी बोलायला बंदी. उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची प्रथा अनेक चर्चमध्ये आहे, एवढ्यावरून बोंब मारू नका. ऐच्छिक आहे का आणि हिशेब उघड आहे का, एवढं विचारा. आणि रात्रीच्या रात्री झोप नाही, अखंड भरभर बोलणं, बेसुमार खर्च, ‘देवाने मलाच निवडलंय’ असं सगळं एकदम दिसलं, तर पुजारी नको, पाद्रीही नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तिसरं बोलणं पंधरवड्याने. तेव्हा श्रद्धा, आचार आणि आपलेपणा या तीन गोष्टी वेगळ्या करा. श्रद्धा तिची, त्यावर वाटाघाटी नाहीत. आचाराचं एकेक विचारायचं: आरतीला नुसती उभी राहशील? प्रसाद घेशील? नमस्कार करशील? काहींना हो येईल, काहींना नाही. जे येईल ते तसंच ठेवा. इथेच घरं घसरतात. ‘नुसते हात जोड, आमच्यासाठी’ ही गळ फार गोड वाटते, पण तिच्या लेखी ते खोटं बोलणं असतं, आणि पुढच्या वर्षी ती सणाला घरीच येत नाही. माझ्या चुलत बहिणीच्या घरी नेमकं हेच झालं. आपलेपणा मात्र कशाच्याही बदल्यात मागायचा नाही. ‘तू आम्हाला सोडलंस’ हे वाक्य ती विसरणार नाही.

आता बाकीचे प्रश्न. ‘यजमान तिच्याशी बोलत नाहीत.’ त्यांना हाच लेख वाचायला द्या, आणि मध्यस्थी बंद करा. तुम्ही निरोप पोचवताय तोवर ते बोलणार नाहीत.

‘सासूबाईंना काय सांगू?’ काहीच नाही. ते मुलीला सांगू द्या, तिच्या वेळेने. फक्त विचारलं तर खोटं बोलू नका.

‘धाकटाही तिच्या मागे जाईल का?’ चौदाव्या वर्षी तो मागे जाईल तो फार तर फुटबॉलच्या.

‘भारतातल्या घरात तिचा हिस्सा राहील ना?’ राहील. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे धर्म बदलणाऱ्याचा स्वतःचा वारसा जात नाही. कलम २६ आडवं येतं ते तिला धर्मांतरानंतर होणाऱ्या मुलांना: हिंदू नातलगाचा वारसा खुला होताना ती हिंदू नसतील, तर त्यांना तो मिळत नाही. बौद्ध, जैन, शीख या कायद्याखाली हिंदूंमध्येच धरले जातात. मृत्युपत्र केलंत की त्या मुलांचा प्रश्नही मिटतो. तेव्हा ते करा, धर्म बदलो न बदलो.

आणि पत्राच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘त्या दिवशी आम्ही जावं का?’ खरं तर हेच विचारायचं होतं ना? बोलावलं तर जा. प्रौढाच्या बाप्तिस्म्यात आईवडिलांना कुठलीही शपथ घ्यावी लागत नाही. कॅथलिक असेल तर विधी अंधार पडल्यावर सुरू होतो आणि दोन-तीन तास चालतो, जेवून जा. लोक उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकायची सक्ती नाही. प्रसादासारखी भाकर वाटतील, ती बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी नसते. जागेवर बसून राहिलात तरी कुणी वावगं मानत नाही. फोटो काढायचे का ते तिला आधी विचारा, आणि काढलेत तर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची घाई करू नका.