ताऱ्यापुढे धनुष्याकृती आघात तरंग कसा तयार होतो?

आंतरतारकीय वायूतून जाणाऱ्या ताऱ्यापुढे दिसणारी कमान ताऱ्याचा गोळा वायूवर आदळल्याने होते का, आणि आपल्या सूर्यापुढेही ती आहे का, असे आपण विचारले आहे. खानापुरात मराठी माध्यमाच्या मुलांना मी बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि गोळा आदळतो हा समज वर्गात दरवर्षी भेटला, कारण मुलांच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातली मलप्रभा असते. पुलाच्या खांबापाशी गढूळ पाणी वर चढते, फुगवटा धरते आणि दोन्ही अंगांनी तिरके पसरत जाते. हे चित्र बरेचसे बरोबर आहे. पण खांबाला पाणी प्रत्यक्ष लागते, ताऱ्याला मात्र समोरचा वायू शिवतही नाही.

त्या वायूला अडवतो तो ताऱ्याचा स्वतःचा वारा. उष्ण, वजनदार ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर वेगाने वायू सतत बाहेर पडत असतो. ताऱ्यापासून दूर जाताना हा वारा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. त्याचा जोर, म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, जिथे समोरून येणाऱ्या वायूच्या तशाच जोराइतका उरतो, तिथे दोन्ही प्रवाह एकमेकांना थोपवतात आणि कमानीचा माथा तिथे उभा राहतो. म्हणून ताऱ्याचा वेग दुप्पट धरला तर हे अंतर निम्मे होते, आणि वायू चौपट दाट असला तरीही निम्मेच होते.

हे घरी पाहता येते. परात पालथी घालून तिच्यावर नळाची बारीक, सलग धार सोडा. धार पडते तिथून पाणी पातळ, गुळगुळीत चकतीसारखे पसरते आणि काही बोटांवर अचानक उंच कड धरते. त्या कडेच्या आत पाण्याचा वेग लाटांच्या वेगापेक्षा जास्त असतो, बाहेर कमी. आता परात किंचित कलती करून वरच्या अंगाने तांब्याने पाणी सोडा. त्या बाजूची कड धारेच्या जवळ सरकते, खालची बाजू उघडी पडते आणि गोल कड्याची कमान होते. मी हा प्रयोग मोरीत कितीदा केला असेन, तरी कड वाकताना पाहण्याचा आनंद कमी झालेला नाही.

या कमानीला आघात तरंग म्हणण्याचे कारण वेगात आहे. दाबातला बदल वायूतून ध्वनीच्या वेगाने पसरतो, आणि उष्ण ताऱ्याभोवतीच्या सुमारे दहा हजार अंश तापलेल्या वायूत तो वेग सेकंदाला दहा-बारा किलोमीटर असतो. तारा त्याहून जलद असेल तर पुढच्या वायूला बाजूला होण्याची वर्दीच मिळत नाही, आणि तो एकाएकी दाबला जाऊन तापतो. घन सेंटिमीटरला एखादाच अणू असताना धक्का कसा बसणार, ही शंका रास्त आहे. तिथे एका अणूला दुसरा भेटेपर्यंत साधारण हजार कोटी किलोमीटर जावे लागते. पण कमानीचे अंतर लाखो कोटी किलोमीटरांत मोजले जाते, त्यामुळे वाटेत टकरा पुरेशा होतात. शिवाय विद्युतभारित कणांना चुंबकीय क्षेत्रही बांधून ठेवते.

झीटा ऑफियुची हा सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा तारा याचे ठळक उदाहरण आहे. बहुधा त्याच्या जोडीदाराचा स्फोट झाला आणि तो मोकळा सुटला. त्याची कमान त्याच्या सुमारे अर्धे प्रकाशवर्ष पुढे आहे. ताऱ्याच्या प्रकाशाने तापलेली तिथली धूळ अवरक्त किरणांत चमकते, म्हणून स्पिट्झर दुर्बिणीला ती स्पष्ट दिसली. नुसत्या डोळ्यांना तारा तेवढा दिसतो. मे महिन्यात, पाऊस धरण्याआधी, जांबोटीच्या बाजूला अंधारात उभे राहून ज्येष्ठेच्या उत्तरेला, लांब केलेल्या हाताच्या दीड मुठीवर तो शोधावा.

सूर्यालाही वारा आहे आणि तोही वायूतून चालला आहे. व्हॉयेजर 1 यान 2012 मध्ये सौरवाऱ्याची हद्द ओलांडून गेले, तेव्हा ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 121 पट दूर होते. त्या हद्दीपुढे आघात तरंग असावा असे पूर्वी मानत. परंतु 2012 मध्येच आयबेक्स उपग्रहाच्या मोजमापांवरून सूर्याचा भोवतालच्या वायूतला वेग सेकंदाला 26 ऐवजी सुमारे 23 किलोमीटर निघाला. तिथले चुंबकीय क्षेत्र धरता दाबाच्या लहरींचा वेगही जवळपास तितकाच पडतो. त्यामुळे सूर्यापुढे बहुधा आघात नसून, संथ पाण्यातल्या होडीपुढे उठते तशी सौम्य लाट आहे.