इन्स्पायर मिळाली, आता पुढे?

अरे अभिनंदन! इन्स्पायर म्हणजे विज्ञान शिकणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची स्कॉलरशिप, वर्षाला ८०,००० रुपये म्हणतात पण त्यातले २०,००० उन्हाळ्यातल्या रिसर्च प्रोजेक्टसाठी असतात, आणि आपल्याकडची बरीच पोरं तो प्रोजेक्ट नुसता उरकून टाकतात, तू तसं करू नको. दिवाळीपासूनच प्राध्यापकांना मेल टाकायला लाग. पुण्यात आयुका, म्हणजे खगोलशास्त्राची संशोधन संस्था, आहेच, शिवाय २८ फेब्रुवारीच्या आसपास खोडदचं जीएमआरटी, म्हणजे तिथली मोठी रेडिओ दुर्बीण, लोकांना बघायला खुलं ठेवतात, नाशिकहून पुण्याची एसटी पकडायची नि नारायणगावला उतरायचं, ४५ मीटरच्या ३० डिश आहेत तिथे, एकदा बघच! एमएस्सी आयआयटीतून करायची असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा दे, फिजिक्समधली पीएचडी डोक्यात असेल तर जेस्ट ही परीक्षा पण. स्कॉलरशिपच्या रिन्यूअलला मार्कशीट लागते हां. आणि क्लासवाल्यांच्या नादी एवढ्यात लागू नको, आधी मेकॅनिक्सची गणितं स्वतःची स्वतः सोडव.